मुश्ताक अली करंडकाची वही कशी ठेवावी

वीस वर्षं मी पुण्यात क्लबच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून बसतोय. सय्यद मुश्ताक अली करंडकाची, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या टी-२० क्रिकेट स्पर्धेची, नोंद ठेवायची आहे, असं पुतणी म्हणाली. तिला सांगितलं तेच इथे लिहितो.

वही मोठ्या रकान्यांची घ्या. पहिल्या रकान्यात साल लिहू नका, मोसम लिहा. माझी पहिली वही इथेच बिघडली होती. २०१९मध्ये कर्नाटकाने दोनदा करंडक उचलला: मार्चमध्ये इंदूरला आपल्या महाराष्ट्राला हरवून, डिसेंबरमध्ये सुरतेत तमिळनाडूवर एका धावेने. पहिला मोसम २०१८-१९, दुसरा २०१९-२०. २०२१मध्ये तमिळनाडूचंही तसंच झालं.

सुरुवात २००६-०७पासून करा. तेव्हा स्पर्धेला मुश्ताक अलींचं नाव नव्हतं. दिनेश कार्तिकच्या तमिळनाडूने ती जिंकली. पुढची ओळ थेट २००९-१०ची. तिथे नावाचा खुलासा लिहा: मुश्ताक अली इंदूरचे, १९३६मध्ये मँचेस्टरला ११२ धावा केल्या, परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय.

त्याच ओळीत विजेता म्हणून महाराष्ट्र लिहाल, तेव्हा हात जरा सावकाश चालवा. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ हे तीन वेगळे संघ, म्हणून तीन शाई वापरा. रणजी करंडकात मिरवणाऱ्या मुंबईला हा करंडक २०२२-२३पर्यंत मिळाला नव्हता. अजिंक्य रहाणेच्या संघाने कोलकात्यात हिमाचलला हरवलं, तेव्हा कुठे मुंबईची शाई पहिल्यांदा लागली. २०२४-२५मध्ये पुन्हा. विदर्भाची बाटली माझ्याकडे अजून भरलेली आहे आणि ती उघडायची मला मनापासून इच्छा आहे.

२०१६-१७ला वेगळी चौकट आखा. त्या मोसमात करंडक विभागीय संघांमध्ये खेळवला गेला आणि पूर्व विभाग जिंकला. राज्यांच्या बेरजेत तो धरू नका.

नुसता विजेता लिहून थांबू नका, सामना कसा संपला तेही लिहा. २०२१-२२च्या अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर पाच हवे होते, तमिळनाडूच्या शाहरुख खानने (हा क्रिकेटपटू, अभिनेता नव्हे) षटकार मारला. हे नसेल तर वहीत जीव कसला?

विक्रम मात्र पेन्सिलने, समोरच्या संघाच्या नावासकट. डिसेंबर २०२४मध्ये इंदूरला बडोद्याने ५ बाद ३४९ केल्या, त्यात ३७ षटकार. गोलंदाजी सिक्कीमची होती, हे शेजारी लिहायलाच हवं.