एचआयव्ही क्लिनिकला नवीन लागताय? आधी कॅलेंडर पुढ्यात घ्या

कौन्सेलर म्हणून लागले तेव्हा माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता, रोज गोळी घेतली की व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) खाली, नाही घेतली की वर, म्हणजे आपलं काम काय तर समजावत बसायचं. लोक मान डोलवायचे, घरी जायचे आणि पुढच्या रिपोर्टात लोड परत वरच.

एका पेशंटच्या डबीत दर महिन्याला आठ-नऊ गोळ्या उरायच्या. फाईलवर आधीच्या कुणीतरी "बेजबाबदार" लिहून ठेवलेलं (हे प्लीज लिहू नका, पुढचे सगळे तेच वाचून वागतात). एकदा कॅलेंडर पुढ्यात ठेवून विचारलं, कुठले दिवस चुकले? सगळे शनिवार-रविवार! म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी पितो ना, वर गोळी घेतली तर विष होईल." म्हणजे माणूस त्याच्या परीने काळजीच घेत होता. दारू वाईटच, लिव्हरचं नुकसान करते, पण प्यायलात तरी एआरटीची (एचआयव्हीच्या औषधांची) गोळी चुकवू नका हे त्यांना कोणी कधी नीट सांगितलंच नव्हतं. मग पिता का, तर झोप लागत नाही. झोप का नाही, तर घरमालकाला आजार कळला आणि खोली सोडायला लागली, तेव्हापासून.

असे त्रास एकात एक अडकून एकमेकांना वाढवतात, यालाच सिंडेमिक म्हणतात, मेरिल सिंगर या मानववंशशास्त्रज्ञाने ९०च्या दशकात मांडलेला शब्द. थिसिस करणाऱ्यांनो, इथे एक गंमत आहे, बरेच पेपर डिप्रेशन, नशा, हिंसा अशा अडचणी नुसत्या मोजून बेरीज करतात, पण बेरीज केली म्हणजे त्या एकमेकींना खतपाणी घालतात हे सिद्ध होत नाही, साय आणि बर्न्स या संशोधकांनी २०१५ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलंय.

पीएचक्यू-९ (डिप्रेशन तपासायची नऊ प्रश्नांची यादी) वापराल तर १० किंवा वर स्कोअर आला की नीट तपासणी हवी, पण झोप, भूक, थकवा हे प्रश्न आजारामुळे किंवा गोळ्यांमुळेही वर जातात, एचआयव्हीच्या गोळ्यांपैकी एफाव्हिरेंझने विचित्र स्वप्नं पडतात, डोल्युटेग्रॅव्हिरने काहींची झोप उडते. नववा प्रश्न जीव द्यायच्या विचारांचा, तो दाराकडे बघत घाईत उरकू नका. आणि मेथाडोनवर (अफू-हेरॉइनची नशा सोडवायला देतात ते औषध) असलेल्याला एफाव्हिरेंझ सुरू झालं तर मेथाडोनची पातळी घसरते, अंग मोडून येतं, तलफ येते आणि तो बिचारा एचआयव्हीची गोळीच बंद करतो. हे डॉक्टरांच्या कानावर तुम्हीच घालायचं, कारण पेशंट आधी तुमच्याशी बोलतो.

त्या पेशंटची रात्रीची डोल्युटेग्रॅव्हिर डॉक्टरांनी सकाळी उठल्या उठल्या घ्यायला सांगितली, पुढच्या वेळी डबीत दोनच उरल्या होत्या. झोप जरा बरी आहे म्हणतात. खोलीचं मात्र अजून काही जमलेलं नाही, आणि पिणंही चालूच आहे.