जुनी गाडी घेताना इंजिनाआधी पत्रा पाहावा

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस सोबत ओळखीचा फिटर नेतो, फिटर बोनेट उघडून कान देतो, "मशीन एक नंबर आहे" असे सांगतो आणि तिथेच विसार दिला जातो. स्वतःसाठी, मेहुण्यासाठी आणि शेजाऱ्यांसाठी मिळून पंधराएक जुन्या गाड्या पाहून घेतल्यानंतर हा क्रम उलटा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. साध्या पेट्रोल गाडीचे इंजिन बिघडले तर खर्चाचा आकडा कोणताही गॅरेजवाला आधी सांगू शकतो. पत्रा कुजला तर तो आकडा कोणालाच सांगता येत नाही.

कोणती गाडी, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची, छोटी आणि जिचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात अशी गाडी घ्यावी. माझी पहिली पसंती २०१० नंतरच्या वॅगन आरला आहे. तिच्यात ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन असून टायमिंगसाठी, म्हणजे झडपांच्या उघडझापीची वेळ जुळवण्यासाठी, साखळी आहे. त्याआधीच्या १०६१ सीसीच्या इंजिनात आणि अल्टोच्या ७९६ सीसीच्या इंजिनात त्याच कामासाठी रबरी पट्टा असतो आणि तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. पट्टा असणे हा दोष नव्हे. मात्र तो शेवटचा कधी बदलला याचे बिल नसेल, तर तो बदललाच नाही असे धरून किंमत ठरवावी. रोज आठ-दहा किलोमीटर शहरात फिरणाऱ्याने जुन्या डिझेलच्या वाटेला जाऊ नये, कारण इंजेक्टर आणि टर्बोच्या एका दुरुस्तीत इंधनाची दोन वर्षांची बचत सहज निघून जाते. शेवरोलेची विक्री भारतात २०१७ मध्ये थांबली आणि फोर्डने इथले उत्पादन बंद करण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. या गाड्या वाईट होत्या म्हणून नव्हे, तर एका आरशासाठी जुन्या बाजारात हिंडायला वेळ नसेल म्हणून त्या टाळाव्यात.

वय आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान असावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, वर पर्यावरण करही भरावा लागतो. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. चौदा वर्षांची गाडी "फारच स्वस्त" मिळते, ती यामुळेच.

आता पत्रा. इथे मी स्वतः फसलो आहे, त्यामुळे या भागावर थोडे सविस्तर लिहितो.

माझी दुसरी गाडी एमएच-०८ पासिंगची, म्हणजे रत्नागिरीची होती. एकच मालक, तोही डॉक्टर (विकायला निघालेल्या निम्म्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात), अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर, आणि घड्याळासारखे चालणारे इंजिन. खालून नुकताच काळा कोटिंगचा थर मारलेला होता आणि तो मला काळजीपूर्वक देखभालीचा पुरावा वाटला. दुसऱ्या पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना डाव्या बाजूने धप्प असा आवाज येऊ लागला. गॅरेजमध्ये बोनेट उघडले तेव्हा शॉकअपचा वरचा माऊंट ज्या पत्र्यावर बसतो, तो पत्राच कडेने फाटलेला निघाला. वेल्डरने पेचकसाचे टोक टेकवले आणि ते बिस्किटात जावे तसे आरपार गेले. "साहेब, वेल्डिंगला धरायलाच पत्रा राहिला नाही," एवढेच तो म्हणाला. एक नंबर मशीन असलेली ती गाडी मी भंगाराच्या भावात दिली.

गंज आतून बाहेर येतो, हे तेव्हा कळले. गाडीचे उंबरे (दारांखालच्या कडा), खांब (दारांमधले, छत पेलणारे) आणि खालचे आडवे भाग आतून पोकळ असतात. त्यांत शिरलेले पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजली की ओल तिथेच राहते, आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे काम अधिक वेगाने होते. रंगावर फोड दिसू लागतो तेव्हा आतला पत्रा बहुधा संपलेला असतो. त्यावर ताजा काळा थर मारणे म्हणजे ओल आत कोंडून वर झाकण लावणे होय. म्हणून विक्रीच्या तोंडावर कोटिंग केलेली गाडी मी आता पाहायलाही जात नाही.

तपासणीसाठी गाडी भर उजेडात, कोरडी असताना पाहावी आणि जवळच्या वॉशिंग सेंटरवर रॅम्पवर चढवावी. त्याचे पैसे आपण द्यावेत. मालक रॅम्पला नकार देत असेल तर चहा पिऊन परत यावे. बोनेटखाली दोन्ही शॉकअपचे माऊंट आणि बॅटरीचा ट्रे पाहावा, कारण बॅटरीतून सांडलेले ॲसिड ट्रेखालचा पत्रा खाते. मग डिकीतले कार्पेट पूर्ण उचलून स्टेपनी बाहेर काढावी आणि खळग्यात हात फिरवावा. तिथे ओल, चिखल किंवा खरखरीत पापुद्रे लागले तर मागच्या दाराचे रबर गळते आहे किंवा गाडी मागून ठोकलेली आहे. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई आणि तिच्याखालचा फोम दाबून पाहावा. रॅम्पवर असताना दाराखालचे उंबरे, जॅक लावायच्या जागा आणि मागचा ॲक्सल जिथे बसतो ते भाग पेचकसाच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत जावे. चांगला पत्रा टणटणतो, तर कुजलेला किंवा लांबी (पुट्टी) भरलेला पत्रा भद्द वाजतो. हा फरक दोन मिनिटांत कानात बसतो आणि त्यासाठी फिटर लागत नाही.

दारांच्या चौकटीवरचे रबरी बीडिंग हाताने ओढले की सहज निघते आणि तसेच परत बसते. त्याखाली कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे छोटे गोल खळगे सारख्या अंतरावर दिसायला हवेत. एका बाजूला खळगे आहेत आणि दुसऱ्या बाजूला सपाट गुळगुळीत रंग किंवा वेल्डिंगची ओबडधोबड रेघ आहे, असे दिसले तर तो खांब कापून जोडलेला आहे. मडगार्डच्या बोल्टच्या डोक्यांवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी खोललेले आहे. नुसते मडगार्ड बदललेले असेल तर मी फार मनावर घेत नाही, खांबाला मात्र माफी नाही.

उलट, सायलेन्सरवर, ब्रेकच्या डिस्कच्या कडेला किंवा सुट्या बोल्टवर वरवरचा तांबडा गंज दिसला म्हणून चांगली गाडी सोडणारे लोकही मी पाहिले आहेत. त्या गंजाला काही अर्थ नाही. ज्यावर गाडीचे वजन पेलले जाते, तिथला गंज तेवढा मोजायचा.

पुराच्या पाण्यात बुडून निघालेली गाडी ही याच रोगाची दुसरी तऱ्हा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे आठवावे, आणि त्या सगळ्याच भंगारात गेल्या असे समजू नये. सीट शाम्पूने धुता येतात, परफ्यूम लावता येतो. पण सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला की आत गुंडाळून राहणाऱ्या पट्टीवर गढूळ पाण्याची रेघ दिसते, आणि ती धुवायचे बहुतेकांना सुचत नाही. सीटचे रूळ आणि डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्ट्या टॉर्चने पाहाव्यात. तिथे गंज चढलेला असेल तर मालकाचे पुढचे बोलणे ऐकण्याची गरज उरत नाही.

पत्रा पास झाला की मगच इंजिन. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर आधी बोनेटला हात लावून पाहावे. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. थंड गाडी एका सेलमध्ये सुरू व्हावी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल तर हेड गॅसकेट (इंजिनाच्या डोक्याखालचे सील) फुटल्याची शंका घ्यावी. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढवून क्लच घसरतो का ते पाहावे. बाकी बुश, बॉल जॉइंट, ब्रेक पॅड ही किरकोळ कामे आहेत आणि त्यांच्यावरून भाव पाडता येतो.

किलोमीटरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. मीटर मागे फिरवता येतो. पेडलचे झिजलेले रबर आणि स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड तशी फिरवता येत नाही. शिवाय आकडा खरा असला तरी अकरा वर्षांत वीस हजार किलोमीटर चाललेली गाडी उभी राहूनच म्हातारी झालेली असते. तिचे टायर वरून नवे दिसले तरी त्यांवरचे चार आकडे वाचावेत: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा.

कागदांत एकच युक्ती सांगण्यासारखी आहे. आरसी, मालक कितवा आहे, कर्जाचा बोजा आणि चलने सगळेच पाहतात. मी चालू विमा पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पाहतो. एकाच मालकाच्या गाडीचा सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर तो पन्नास टक्के असतो. पॉलिसी फुल इन्शुरन्सची आहे, मालक "कधी ओरखडासुद्धा नाही" म्हणतो आहे आणि बोनसच्या रकान्यात शून्य आहे, तर त्याला शांतपणे कारण विचारावे. व्यवहार ठरल्यावर गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ सह्यांनिशी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत करावा. मागच्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे जास्तीच्या हप्त्याची तयारी ठेवावी.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलावे, पट्ट्याचे इंजिन असेल आणि बिल नसेल तर पट्टाही बदलावा. नंतर सायकलच्या स्पोकची तार घेऊन खाली बसावे आणि चारही दारांच्या खालच्या कडेची व उंबऱ्यांची भोके मोकळी करावीत. माझ्या सध्याच्या गाडीच्या मागच्या डाव्या दारातून त्या दिवशी तांब्याभर गढूळ पाणी निघाले होते.