आठवडे बाजार की सुपरमार्केट : घरखर्च बेतात कसा ठेवावा

खानदेशात भाजीपाला आठवडे बाजारातूनच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवस मावळताना गेल्यास भाव उतरतो, कारण विक्रेत्याला उरलेला माल परत न्यायचा नसतो. पालेभाजी मात्र तोवर कोमेजते, म्हणून ती सकाळीच घ्यावी. हिवाळ्यात भरताची वांगी निवडताना हिरवट, चकचकीत सालीची आणि आकाराच्या मानाने हलकी घ्यावीत, कारण जड वांग्यात बिया अधिक निघतात. लाल मिरची नंदुरबारकडून हंगामात वर्षभरासाठी एकदम घ्यावी आणि कडक वाळवून डब्यात भरावी. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी व उडीद विकत घेऊन गिरणीतून दळून आणावेत.

सुपरमार्केटमध्ये तेल, साखर, साबण यांवर सवलत मिळते, परंतु तेथे छापील किमतीपेक्षा निव्वळ वजन पाहावे : डाळीचे ८०० ग्रॅमचे पाकीट ९६ रुपयांना असेल, तर किलोचा भाव १२० रुपये पडतो, आणि समोरच्या किराणा दुकानातील सुटी डाळ ११० रुपये किलोने असल्यास ती सवलत फसवी ठरते. तेलाच्या पिशवीवरील ग्रॅमही तपासावेत. यादी घरूनच लिहून न्यावी.