फ्रीबीएसडी: एसआरसी.कॉन्फमध्ये बंद केलेलं ब्लूटूथ जातच नव्हतं (माझा अनुभव)

फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम; सोर्समधून बिल्ड करताना काय वगळायचं ते एसआरसी.कॉन्फ या फाइलमध्ये लिहितात. लक्षण असं: /ईटीसी/एसआरसी.कॉन्फमध्ये 'विदाउट_ब्लूटूथ=यस' (चल, म्हणजे व्हेरिएबलचं नाव, कॅपिटलमध्ये) टाकलं, सोर्समधून सगळी सिस्टिम बिल्ड केली, इन्स्टॉल केली, एकही एरर नाही. तरी /यूएसआर/एसबिनमध्ये एचसीकंट्रोल आणि बीटीएचआयडीडी हे ब्लूटूथचे प्रोग्रॅम जागच्या जागी.

तीच ओळ मेक.कॉन्फ या दुसऱ्या सेटिंग फाइलमध्ये टाकून पाहिली, /यूएसआर/ओबीजे (बिल्डच्या फाइल्स इथे साठतात) साफ करून पुन्हा बिल्ड केलं. डोकं पार उठलं.

कारण साधं आहे. इन्स्टॉलवर्ल्ड (बिल्ड झालेली सिस्टिम बसवणारी कमांड) नव्या फाइल्स जुन्यांवर चढवतं, नको असलेल्या उचलत नाही. 'एलएस -एल'मध्ये एचसीकंट्रोलची तारीख जुनीच दिसली, म्हणजे बिल्डने त्याला हातही लावला नव्हता.

चाललं ते असं. ओळ एसआरसी.कॉन्फमध्येच ठेवा. /यूएसआर/एसआरसीमध्ये जाऊन 'मेक शोकॉन्फिग' चालवा. एमके_ब्लूटूथसमोर 'नो' दिसायला हवं. मग 'मेक'नेच बिल्डवर्ल्ड (कर्नल सोडून बाकी सिस्टिम), बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल, रीबूट. त्यानंतर 'ईटीसीअपडेट -पी' (हे /ईटीसीतल्या सेटिंग फाइल्स नव्या सिस्टिमशी जुळवतं), इन्स्टॉलवर्ल्ड, 'ईटीसीअपडेट -बी' (यातली बी कॅपिटल). आता 'मेक चेक-ओल्ड'ने नको झालेल्या जुन्या फाइल्सची यादी नीट वाचा, मग त्या काढायला 'मेक डिलीट-ओल्ड'. ते प्रत्येक फाइलला विचारत बसतं; कंटाळा आला तर कमांडला 'बॅच_डिलीट_ओल्ड_फाइल्स=यस' जोडा, हेही कॅपिटलमध्येच. जुन्या लायब्रऱ्यांवर कुठलाही प्रोग्रॅम अवलंबून नाही याची खात्री झाल्यावरच 'मेक डिलीट-ओल्ड-लिब्स'.

ब्लूटूथ परत हवं झालं तर 'विदाउट_ब्लूटूथ=नो' लिहू नका. बरोबरीच्या चिन्हापुढचं काही वाचलंच जात नाही, चल असला की ब्लूटूथ बंद. अख्खी ओळच काढायची.