पेज अडकतंय? आधी स्क्रिप्टमधले सिलेक्टर बघा

समजा बाजारभावाचं पेज आहे, लातूर, जालना, हिंगोली सगळीकडच्या बाजार समित्यांचे सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव, हजारभर ओळी एकाच टेबलात आणि वर सर्च बॉक्स. तुमच्या लॅपटॉपवर मस्त पळतं, पण शेतकऱ्याच्या स्वस्तातल्या मोबाईलवर "सोया" टाइप करेपर्यंत पेज गचके खातं. नेट स्लो असंल म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याचदा लोचा स्क्रिप्टमधेच असतो, म्हणजे पेजवरचे भाग शोधायला लिहिलेल्या सिलेक्टरमधे.

पहिलं म्हणजे लूपच्या आत जेक्वेरीचा (जावास्क्रिप्टची लायब्ररी) डॉलर, म्हणजे शोधायचं फंक्शन, लावून तेच टेबल परत परत शोधू नका. लूपच्या बाहेर एकदाच शोधा, व्हेरिएबलमधे ठेवा, मग तेच वापरा. फक्त नवीन डेटा आल्यावर टेबल पुन्हा बनवत असाल तर व्हेरिएबलमधे जुन्याच ओळी राहतात, तेव्हा परत भरून घ्या.

टेबलाला आयडी द्या. ब्राउझरकडं आयडीची नोंद तयारच असते, त्यामुळं तो लगेच सापडतो आणि पुढचं फाइंडनं त्याच्या आतच शोधायचं, अख्खं पेज धुंडाळायची गरज नाही.

आता खरा घोळ, जो लई जणांच्या कोडमधे दिसतो: कोलन व्हिजिबल (:visible), म्हणजे दिसणारेच एलिमेंट निवडणारा सिलेक्टर. हे सीएसएसमधलं (पेजची सजावट लिहायची भाषा) नाहीच, जेक्वेरीचं स्वतःचं आहे, म्हणून ब्राउझरचं शोधायचं फास्ट फंक्शन क्वेरीसिलेक्टरऑल इथं चालत नाही. वरून एलिमेंट दिसतंय का हे ठरवायला जेक्वेरी त्याची रुंदी-उंची विचारते, आणि तुम्ही नुकतीच एखादी ओळ लपवली असंल तर ब्राउझरला आधी लेआउटचा (कुठलं एलिमेंट कुठं, किती मोठं) हिशोब नव्यानं करावा लागतो. लूपमधे एक ओळ लपव, मग व्हिजिबल तपास, परत लपव असं चाललं तर हजार ओळींना हजारदा तो हिशोब, मोबाईल तिथंच बसतो. त्यापेक्षा लपवताना ओळीला आपला एक क्लास लावा आणि नंतर त्या क्लासनंच शोधा. कोलन चेकबॉक्स लिहिताना पण त्याच्या आधी इनपुट लावा (input:checkbox), नुसतं लिहिलं तर ते सगळ्याच एलिमेंटना विचारत बसतं.

प्रत्येक ओळीला क्लिकवर चालणारं वेगळं फंक्शन लावू नका, टेबलावर एकच लावा आणि क्लोजेस्टनं (क्लिक झालेल्या जागेपासून वर शोधणारं फंक्शन) कुठली ओळ ते शोधा.

बदलाच्या आधी आणि नंतर क्रोमच्या डेव्हटूल्समधे परफॉर्मन्स टॅब उघडून सीपीयू ४ पट स्लो करून मोजा, लॅपटॉपच्या स्पीडवर हा फरक सहज दिसत नाही.