शत्रूही तुमच्यासोबत लेव्हल वाढवतात तेव्हा: फँटसी आरपीजीतल्या अवघड लढाया कशा जिंकाव्यात

आरपीजीत, म्हणजे रोल-प्लेइंग गेममध्ये, तुमच्या कॅरेक्टरची लेव्हल पंधराच्या पुढे गेली आहे, अंगावर पहिल्यापेक्षा भारी चिलखत आहे, आणि तरीही रस्त्यावरचा साधा दरोडेखोर मरता मरत नाही. सुरुवातीच्या गुहेत चार फटक्यांत आडवे होणारे गॉब्लिन आता पोशनची (हेल्थ भरून काढणाऱ्या औषधांची) अख्खी पिशवी रिकामी करायला लावतात. अशा वेळी बहुतेक जण आणखी ग्राइंड करतात, म्हणजे लेव्हल वाढवण्यासाठी त्याच त्याच लढाया पुन्हा पुन्हा खेळतात. ज्या गेममध्ये शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात, तिथे हाच उपाय बऱ्याचदा दुखणं वाढवतो. कारण लेव्हल वाढली की शत्रूला ताकद आपोआप मिळते, तुम्हाला मात्र ती कमवावी लागते.

समजा, शत्रूची हेल्थ १०० आहे आणि तुमची तलवार १० डॅमेज करते. म्हणजे १० फटके. पाच लेव्हलनंतर त्याची हेल्थ १८० झाली आणि तुमचं डॅमेज १३ वर पोहोचलं, तर आता १४ फटके लागतील. आकडे दोघांचेही वाढले, पण तुम्ही मागे पडलात. मधल्या पाच लेव्हल तुम्ही कुलपं उघडण्यात, भाव पाडून घेण्यात आणि उड्या मारण्यात मिळवल्या असतील तर हे होणारच. पुढची प्रत्येक पायरी ही दरी भरून काढण्यासाठी आहे.

पायरी १: तुमचा गेम कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

हे न ओळखता घेतलेला सल्ला उलटा पडतो, म्हणून सुरुवात इथून.

काही गेममध्ये स्केलिंग, म्हणजे तुमच्या लेव्हलप्रमाणे शत्रूंचं वाढणं, नसतंच. 'एल्डन रिंग' (२०२२) आणि 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) यांत शत्रूची ताकद जागेनुसार ठरलेली असते. अशा ठिकाणी एखादा बॉस (मोठा, अवघड शत्रू) जड जात असेल तर सरळ पाठ फिरवा, दुसरीकडे जा, बळ वाढवून परत या. 'एल्डन रिंग'मध्ये मार्गिट या सुरुवातीच्या बॉसपाशी डोकं आपटत बसण्यापेक्षा दक्षिणेचा वीपिंग पेनिन्सुला हा भाग फिरून येणं कितीतरी शहाणपणाचं आहे. तिथे लेव्हलइतकंच, सुरुवातीला तर त्याहून जास्त, महत्त्व शस्त्राच्या अपग्रेडला असतं. त्यासाठी लागणारे स्मिदिंग स्टोन साठवून ठेवू नका, वापरा.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक भागाला लेव्हलची खालची आणि वरची मर्यादा असते, आणि तुम्ही तिथे पहिल्यांदा पाऊल टाकता तेव्हा त्या भागाची लेव्हल ठरते. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९) आणि 'स्कायरिम' (२०११) याच पद्धतीने चालतात. याचा एक मोठा फायदा फार थोडे जण घेतात. एखाद्या गुहेत लवकर जाऊन नुसतं डोकावून आलात, तर तिची लेव्हल तेव्हाच्या तुमच्या लेव्हलनुसार गोठते, अर्थात तिच्या खालच्या मर्यादेच्या खाली न जाता. पुढे ताकद वाढल्यावर परत जा, आतली मंडळी तुमच्याबरोबर वाढलेली नसतील.

तिसरा प्रकार सगळ्यात कडक: जवळजवळ सगळं जग तुमच्या लेव्हलकडे बघून वाढतं. 'द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन' (२००६) हे त्याचं सगळ्यांत बदनाम उदाहरण. तिथे वरच्या लेव्हलला किरकोळ वाटमारे महागड्या ग्लासच्या चिलखतात फिरताना दिसतात. 'फायनल फँटसी ८' (१९९९) मध्ये शत्रूंची लेव्हल तुमच्या पार्टीच्या, म्हणजे सोबत लढणाऱ्या पात्रांच्या, सरासरी लेव्हलवरून ठरते.

आणि 'द विचर ३' (२०१५) सारख्या गेममध्ये शत्रूंचं अपस्केलिंग हा सेटिंगमधला एक पर्याय आहे. तो चुकून चालू राहिला असेल तर आधी तो बंद करा. कधी कधी सगळा प्रश्न तेवढ्यानेच सुटतो.

पायरी २: तुम्ही नेमके कशाने मरता ते बघा

पुन्हा लोड करून त्याच पद्धतीने परत धावून जाण्याआधी शेवटचे दहा सेकंद आठवा. एकाच जबर फटक्यात गेलात, की थोडं थोडं रक्त जात राहिलं? एकाशी लढताना मागून दुसरा आला? की तुमच्या हातून कोणी मेलंच नाही आणि पोशन संपले?

एका फटक्यात जात असाल तर हेल्थ किंवा त्या विशिष्ट हल्ल्याविरुद्धचं संरक्षण कमी आहे. आगीने मरणाऱ्याने जाड चिलखत चढवून फारसा उपयोग नाही, त्याला फायर रेझिस्टन्स लागतो. हळूहळू मरत असाल तर लढाई लांबते आहे, म्हणजे डॅमेज कमी पडतंय. घेरले जात असाल तर आकड्यांना दोष देऊ नका, तुमची उभं राहण्याची जागा चुकते आहे. दाराच्या चौकटीत किंवा अरुंद बोळात उभं राहा, म्हणजे एका वेळी एकच समोर येईल. दुरून बाण मारून एकेकाला कळपातून बाहेर ओढा. पार्टी असेल तर सगळ्यांचा मारा एकावरच ठेवा: अर्धमेला शत्रूही पूर्ण जोरानेच मारतो, मेलेला मारत नाही. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये उंचावरून नेम धरला तर हल्ल्याच्या फाशावर +२ मिळतात, तेव्हा लढाई सुरू होण्याआधीच धनुर्धाऱ्याला शिडीवर चढवून ठेवा.

पायरी ३: लेव्हल वाढण्याआधी ती कशाने वाढते ते ताब्यात घ्या

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, आणि ती समजून घ्यायला मूळ 'ऑब्लिव्हियन'इतकं चांगलं उदाहरण नाही.

त्यात एकूण २१ स्किल आहेत, त्यांतली ७ तुमची मेजर स्किल. मेजर स्किलमध्ये मिळून १० वाढी झाल्या की लेव्हल तयार होते, पण ती प्रत्यक्ष मिळते पलंगावर झोपल्यावर. तेव्हा तीन गुण (ताकद, चपळाई यांसारखे) निवडायचे असतात. प्रत्येकाला किती बोनस मिळेल हे त्या गुणाशी जोडलेली स्किल त्या लेव्हलमध्ये किती वाढली यावर ठरतं. १० वाढी झाल्या असतील तर पूर्ण +५, ५ ते ७ असतील तर फक्त +३, काहीच नसेल तर +१. म्हणजे दोन खेळाडू एकाच लेव्हलला असूनही एक दुसऱ्यापेक्षा खूप दुबळा असू शकतो. समोरचा शत्रू मात्र दोघांनाही सारखाच.

मग करायचं काय? सुरुवातीपासून एन्ड्युरन्स (दमदारपणा) हा गुण वाढवा. दर लेव्हलला मिळणारी वाढीव हेल्थ तेव्हाच्या एन्ड्युरन्सच्या दहा टक्के असते, आणि हुकलेली वाढ नंतर भरून मिळत नाही. आर्मरर, ब्लॉक आणि हेवी आर्मर ही एन्ड्युरन्सची स्किल. तेव्हा झोपायला जाण्याआधी स्वतःची हत्यारं स्वतः दुरुस्त करा, ढाल वापरा. जे लोक फार काटेकोर खेळतात ते रोज वापरायची स्किल मुद्दाम मायनरमध्ये, म्हणजे मेजर नसलेल्यांत, ठेवतात, म्हणजे लेव्हल त्यांना हवी तेव्हाच वाढते. एवढा हिशोब नको असेल तर साधा उपाय आहे: तयारी नसेल तेव्हा झोपूच नका. मुख्य कथेतली क्वॅच शहराची लढाईसुद्धा लवकर उरका. कमी लेव्हलला तिथे स्कॅम्पसारखी हलकी पिशाच्चं भेटतात, उशीर केलात तर क्लॅनफिअर आणि डेड्रॉथसारखी जड पिशाच्चं.

याच गेमच्या २०२५ च्या रीमास्टरमध्ये (सुधारित आवृत्तीत) हा जाच पुष्कळ कमी केला आहे. तिथे मेजर-मायनर दोन्ही स्किल लेव्हलकडे मोजली जातात आणि दर लेव्हलला १२ पॉइंट हातात मिळतात, ते तुम्ही वाटायचे. शत्रू अजूनही वाढतात, पण मागच्या वाढींचा हिशोब ठेवायची गरज उरत नाही.

'स्कायरिम'मध्ये हाच धोका वेगळ्या रूपात येतो. तिथे कुठलंही स्किल लेव्हल वाढवतं. स्पीच, लॉकपिकिंग आणि पिकपॉकेट पटापट वाढवून, पर्कही (लेव्हलसोबत निवडायच्या खास क्षमता) त्यांतच घालून लेव्हल २० गाठलीत, तर पुढचा ड्रॅगर (जिवंत झालेलं प्रेत) तुमच्या गोड बोलण्याने पडणार नाही. पहिले दहा-बारा पर्क एका शस्त्रात आणि एका प्रकारच्या चिलखतात घाला, बाकी हौस नंतर. स्मिदिंग (लोहारकाम) किंवा एन्चँटिंग (वस्तू मंतरणं) वाढवत असाल तर त्यातून बनलेली वस्तू अंगावर चढली पाहिजे. शेकडो खंजीर बनवून विकले आणि स्वतः जुनंच चिलखत घालून फिरलात, तर शत्रूलाच मदत केलीत.

'फायनल फँटसी ८' हा विचार पार टोकाला नेतो. तिथे खरी ताकद जादू जंक्शन करण्यातून, म्हणजे ती कॅरेक्टरच्या गुणांना जोडण्यातून, येते, लेव्हलमधून नव्हे. म्हणून जाणकार शत्रूंना कार्ड कमांडने पत्त्यांत बदलतात. त्याने अनुभवाचे गुण मिळत नाहीत, लेव्हल खाली राहते, आणि जंक्शनमुळे पार्टी मात्र दणकट होते.

पायरी ४: संरक्षणाचा हिशोब एकदा नीट मांडा

१०० चा फटका बसतोय आणि तुमचं चिलखत ५० टक्के अडवतं, म्हणजे तुम्हाला ५० लागतात. ७५ टक्के अडवलं तर २५. संरक्षण दीडपट झालं, पण तुम्ही टिकलात दुप्पट. वरच्या टप्प्यातला प्रत्येक टक्का खालच्या टक्क्यापेक्षा जास्त मोलाचा असतो. 'स्कायरिम'मध्ये चिलखताची कमाल ८० टक्के आहे, त्यापुढे एकही पर्क किंवा धातू खर्च करू नका. 'एल्डन रिंग'मध्ये चिलखतापेक्षा व्हिगर (हेल्थ वाढवणारा गुण) आधी वाढवा. नवख्यांच्या बहुतेक मृत्यूंमागे कमी व्हिगर असतं.

पायरी ५: हेल्थ कितीही वाढली तरी चालणारे उपाय वापरा

स्केलिंगने शत्रूची हेल्थ आणि डॅमेज वाढतं. पण लकवा मारलेला शत्रू लेव्हल ५ चा असो वा ३०चा, जमिनीवर पडलेलाच असतो. म्हणून पॅरालिसिस, झोप, अदृश्यता, डॅमेज परतवणं, शत्रूंना आपसात झुंजवणं हे सगळं स्केलिंगच्या गेममध्ये नेहमीपेक्षा जास्त कामाचं. 'ऑब्लिव्हियन'मध्ये मंतरलेल्या कपड्यांवर कॅमेलिऑन (दिसेनासं करणारा मंत्र) १०० टक्क्यांपर्यंत नेलं की शत्रूंना तुम्ही दिसतच नाही. 'स्कायरिम'मध्ये कॅनिस रूट आणि इम्प स्टूल हे दोन घटक एकत्र केले की पॅरालिसिसचं विष तयार होतं. बाणाला लावा, सगळ्यांत दांडगा पहिल्याच बाणात खाली. इल्युजनचे (शत्रूच्या मनावर चालणारे) मंत्र मात्र तपासून घ्या: त्यातल्या बऱ्याच मंत्रांना शत्रूच्या लेव्हलची मर्यादा असते आणि तुम्ही पुढे गेलात की ते निकामी होतात.

'द विचर ३'मध्ये लढाईआधी बेस्टियरी (राक्षसांची माहितीवही) उघडा. कोणत्या राक्षसाला कोणतं तेल, कोणतं साइन (छोटा मंत्र) लागू पडतं ते तिथे लिहिलेलं असतं. राक्षसाला चांदीची तलवार, माणसाला पोलादी, आणि अंगावर क्वेन हे संरक्षणाचं साइन. नावाशेजारी लाल कवटी दिसली तर शत्रू लेव्हलने फार वर आहे, तूर्त सोडून द्या.

पोशन शेवटच्या बॉससाठी जपून ठेवायची सवय सोडा. गेम संपतो तेव्हा बहुतेकांच्या पिशवीत ढीगभर शिल्लक असतात. 'स्कायरिम'मध्ये गहू आणि निळं माउंटन फ्लॉवर मिळून हेल्थचं पोशन बनतं, दोन्ही वाटेवर मिळतात.

पायरी ६: डिफिकल्टीचा अर्थ समजून ती ठरवा

'स्कायरिम'च्या लेजेंडरी या सगळ्यांत अवघड डिफिकल्टीवर तुमचं डॅमेज पाव होतं आणि शत्रूचं तिप्पट. नेहमीच्या अडेप्ट डिफिकल्टीवर ५ फटक्यांत मरणारा तिथे २० घेतो. यात शत्रू हुशार होत नाही, फक्त जाड होतो. ती मजा वाटत असेल तर जरूर खेळा. वाटत नसेल तर एक पायरी खाली या, गेम मधेच बदलू देतो आणि त्यासाठी कसलाही दंड नाही. 'बाल्डर्स गेट ३'मध्येही ऑनर मोड (सगळ्यांत कडक प्रकार) सोडला तर हे करता येतं.

पायरी ७: बिघडलेलं कॅरेक्टर फेकू नका

चाळीस तासांचा सेव्ह टाकून नवा सुरू करण्याआधी गेममध्ये पर्क किंवा गुण परत वाटायची सोय आहे का ते पाहा. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये छावणीतला विदर्स १०० सोन्याच्या नाण्यांत अख्खा क्लास बदलून देतो. 'एल्डन रिंग'मध्ये रेनाला या बॉसला हरवल्यावर लार्व्हल टीअर ही वस्तू देऊन गुण पुन्हा वाटता येतात. 'द विचर ३'मध्ये त्याच कामासाठी क्लिअरन्सचं पोशन आहे. 'स्कायरिम'मध्ये १०० वर पोहोचलेलं स्किल लेजेंडरी केलं की ते १५ वर येतं आणि त्यातले पर्क मोकळे होतात. लेव्हल कमी होत नाही, म्हणून ते पर्क लगेच शस्त्रात किंवा चिलखतात घाला.

मूळ 'ऑब्लिव्हियन'मध्ये अशी सोय नाही. तिथे पैसे देऊन ट्रेनरकडे दर लेव्हलला ५ वाढी घेता येतात. त्या अशा स्किलमध्ये घ्या ज्यांचा गुण सगळ्यांत मागे पडला आहे, म्हणजे पुढच्या झोपेत निदान तिथे तरी चांगला बोनस मिळेल. तोवर डिफिकल्टीचा स्लायडर डावीकडे, म्हणजे सोप्याकडे, सरकवा, उरलेलं सोनं मंतरलेल्या वस्तूंवर खर्च करा, आणि चार-पाच लेव्हल नीट झाल्या की स्लायडर हळूहळू मधोमध आणा.