स्लो कुकरमधला मसालेभात: भाताचा गोळा आणि बटाटा कच्चा? या चुका टाळा

स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, पहिल्यांदा मसालेभात लावला, तेव्हा भाताचा गिच्च गोळा झाला होता आणि बटाटा मात्र दाताखाली करकरत होता. एकाच भांड्यात दोन्ही कसं? दोष यंत्राचा कमी, माझ्या प्रेशर कुकरच्या सवयींचा जास्त.

तांदळातला स्टार्च साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगतो. भाजीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन सैल व्हायला मात्र ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. प्रेशर कुकर हा पल्ला काही मिनिटांत गाठतो, स्लो कुकरला तास-दोन तास सहज लागतात. तोवर शितं फुटायला लागलेली असतात. शिवाय बटाटा, गाजर ५५-६५ अंशांत रेंगाळले, तर मऊ व्हायचे सोडून आणखीच टणक होतात.

तेव्हा सगळं एकदम घालू नका. बटाटा, गाजर, तोंडली आधी, तेही तळाशी आणि कडेला, कारण बहुतेक स्लो कुकरची उष्णता तिथूनच येते. फोडी लहान, पाणी उकळतं, सेटिंग ‘हाय’. बटाट्यात सुरी सहज गेली की मगच तुपावर परतलेले तांदूळ घाला. मटार अगदी शेवटी. टोमॅटो किंवा चिंचेचा कोळ सुरुवातीला घातलात तर भाजी हटून बसते. आंबटपणात पेक्टिन लवकर सुटत नाही. लिंबू पानात पिळा.

पाण्याचा अंदाज तर हमखास चुकतो. इथे शिट्टी नाही, वाफ झाकणाला लागून परत खाली येते, वर भाज्यांचं पाणी सुटतं. ‘तांदळावर दोन बोटं’ विसरा. वाटीभर बासमतीला दीड वाटी पाण्यापासून सुरुवात करा. कमी वाटलं तर उकळतं पाणी शिंपडता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. आंबेमोहोर, इंद्रायणी मुळातच चिकट, ते इथे नकोतच. उकडा तांदूळ मात्र छान टिकतो, त्याला पाणी आणि वेळ थोडा जास्त द्या. उकड्याचा मसालेभात म्हटल्यावर आमच्याकडे नाकं मुरडली गेली, पण पातेलं रिकामं झालं!

मोहरी स्लो कुकरमध्ये तडतडत नाही, नुसती भिजते. फोडणी कढल्यात वेगळी करा. आणि झाकण उघडून बघण्याची खोड सोडा. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं जातात.

राजमा घालणार असाल तर भिजवून, ते पाणी टाकून, गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा, मगच स्लो कुकरमध्ये. त्यातलं विषारी लेक्टिन मंद आचेवर पुरतं नष्ट होत नाही.

शिजलेला भात बंद केलेल्या कुकरमध्ये तसाच ठेवू नका. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही उरतात आणि कोमट भातात वाढतात. उरलेला भात ताटात पसरून निववा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. ऑफिसातून आल्यावर कुकरचं घड्याळ लुकलुकताना दिसलं, म्हणजे मधे वीज गेली होती. किती वेळ ते कळायला मार्ग नसेल तर जीव हळहळला तरी तो भात टाकून द्या आणि त्या रात्री पिठलं करा.